'माझी डिग्री मीच ठरवली तर चालंल का?'

या वेळचं पत्र शिरोळ तालुक्यातनं आलंय. लांबलचक आहे, थोडं कापून देते.

"ताई (का मावशी म्हणू?), बारावी सायन्स झाली, ७१ टक्के पडले. इंजिनिअरिंगला जायचं नाही एवढं नक्की, बाकी काहीच नक्की नाही. इतिहास आवडतो, नकाशे आवडतात, चित्रं काढतो, पेपरात अर्थशास्त्राचं काय आलं की वाचतो, मानसशास्त्र पण भारी वाटतं. माझी आतेबहीण पुण्यात एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत लिबरल आर्ट्स करते, ती म्हणते तिथं आपले विषय आपणच निवडायचे, आपली डिग्री आपणच डिझाईन करायची. फी ऐकून बाबा गप्पच झाले. ते शिरोलीत फाउंड्रीत पॅटर्न शॉपला आहेत. कर्ज काढतील, रान पण विकतील, पण मला ते नकोय. काकी म्हणते बीए करून काय रंकाळ्यावर शेंगा विकणार काय. आणि २०१९ ला आम्ही अकरा दिवस शाळेत राहिलो, २०२१ ला परत तेच, तरी आजी घर सोडायला तयार नाही, मी पुण्याला गेलो तर पावसाळ्यात तिच्याजवळ कोण हाही प्रश्न आहे. कोल्हापुरात राहून अशी स्वतःची डिग्री करता येते का? बाबांना काय सांगू?"

पोरी, 'काढतो, वाचतो, गेलो तर' हे वाचलं आणि तालुक्याचं नाव यायच्या आधीच कळलं पत्र आपल्याकडचं आहे. (बाहेरच्या वाचकांसाठी, आमच्याकडं बायका पण 'मी जातो' म्हणतात, प्रूफ बघणाऱ्यांनी कृपया हात लावू नये. मी चौतीस वर्षं कॉलेजात शिकवून 'जाते'वर आले, घरात पाऊल टाकलं की परत 'जातो'.) आणि मावशीच म्हण, वय झालंय.

आधी पैशाचं उरकून टाकू. रान विकायचं नाही. कर्ज पण नको, निदान 'लिबरल आर्ट्स' या दोन शब्दांसाठी तरी नको. पुण्यातली फ्लेम, सिंबायोसिसचं लिबरल आर्ट्स, सोनीपतची अशोका, तिथं वाईट शिकवतात असं अजिबात म्हणत नाही मी, परवडतंय त्यानं खुशाल जावं, पण वर्षाला लाखांनी फी भरून तुझ्या बाबांची झोप उडणार असेल तर तुझं अभ्यासात लक्ष कसं लागणार. एक दार मात्र वाजवून बघ, बंगळूरची अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटी घरचं उत्पन्न बघून फी, होस्टेल, जेवण सगळ्यात सवलत देते, अगदी पूर्ण माफीपर्यंत, त्यांची वेगळी प्रवेशपरीक्षा असते, तारखा बघून ठेव. नाही जमलं तर काही बिघडत नाही, कारण तुला जे पाहिजे त्यातलं बरंचसं इथं होतंय.

आता ही 'आपली डिग्री आपणच' भानगड नेमकी काय असते ते बघ, कारण तुझ्या आतेबहिणीनं अर्धंच सांगितलंय. अमेरिकेत ब्राउन युनिव्हर्सिटीत १९६९ ला विद्यार्थ्यांनीच रेटा लावून सक्तीचे विषय काढायला लावले, १९७० ला हॅम्पशायर नावाचं एक कॉलेज सुरू झालं तिथं ठरलेले मेजर, म्हणजे मुख्य विषय, असा प्रकारच नव्हता, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतलं गॅलटिन नावाचं असंच कॉलेज १९७२ चं. ऐकून वाटतं वा, काय मजा, वाट्टेल ते घ्या. पण गॅलटिनला पोरांना आधी लिहून द्यावं लागतं की मी हे का शिकतोय आणि कुठला विषय कशासाठी घेतोय, आणि शेवटी वीसपंचवीस पुस्तकांची स्वतः केलेली यादी घेऊन प्राध्यापकांसमोर बसायचं, दोनेक तास तोंडी चर्चा, तिथं फेकाफेकी चालत नाही. हॅम्पशायरला शेवटचं अख्खं वर्ष एकाच मोठ्या कामावर. ब्राउनमधे स्वतःचा विषय स्वतः बांधायचा म्हटलं तर प्रस्ताव लिहायचा आणि एक प्राध्यापक पाठीशी उभा करायचा. म्हणजे सगळीकडं हिशोब तोच, एक कागद, एक मास्तर आणि शेवटी एक काम. यातलं कोल्हापुरात काय मिळत नाही सांग मला.

मिळत नाही ती गोष्ट एकच, तुला कोणी विचारणार नाही की का शिकतेस. ते तुझं तुलाच विचारायला लागेल आणि तिथंच बहुतेक पोरांचं फसतं. बाबांना विचार, पॅटर्न (ओतायच्या वस्तूचा लाकडी नमुना) न करता नुसती भट्टी पेटवली आणि मेटल ओतलं तर काय हातात येतं? ढेकूळ. माझ्याकडं एक पोरगा होता, हुशार, त्याला सगळंच आवडायचं, तत्त्वज्ञान, सिनेमा, शेअर मार्केट, जर्मन भाषा, आणि तो सगळीकडं जाऊन बसायचा, तिसऱ्या वर्षाला त्याला अकरा थिअऱ्यांची नावं पाठ होती आणि एकाही गोष्टीवर चार पानं सलग लिहिता येत नव्हती. आवडीची यादी केली त्यानं, पॅटर्न केलाच नाही. (मला मोठेपणा नको, मी बीएला अर्थशास्त्र-हिंदी-राज्यशास्त्र घेतलं कारण ती लेक्चरं साडेअकराला संपायची आणि गावाची एसटी बाराला होती. ते पण एक डिझाईनच म्हण.)

तुझी पण यादीच आहे. इतिहास, नकाशे, चित्रं, अर्थशास्त्र, मानसशास्त्र. ही वाचून मला काहीच कळलं नाही तुझ्याबद्दल, अशा याद्या महिन्याला दहा येतात. कळलं कुठं, तर शेवटी, जिथं तू विषयाबद्दल बोलतच नव्हतीस. अकरा दिवस शाळेत, दोन वर्षांनी परत, तरी आजी घर सोडत नाही. अगं हाच की तुझा विषय. दरवेळी पाणी येतं, दरवेळी नुकसान होतं, सरकार म्हणतं वर या, आणि माणसं तिथंच का राहतात? 'मला काय आवडतं' असं विचारलं की यादी येते, 'मला काय कळत नाही' असं विचारलं की काम सुरू होतं.

आता तुझ्या पाच आवडी या एका प्रश्नाला लावून बघ, आपोआप जागेवर बसतात. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, पुढं पाणी तुंबतं का, का तुंबतं, कर्नाटकला कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे त्यावरून आपल्याकडं आंदोलनं होतात, त्यात खरं किती आणि भीती किती, हे भूगोल आणि नकाशे. ऊस पाण्यात कुजला तर भरपाई कशी मोजतात, घर वर बांधलं तरी रान खालीच राहतं मग माणूस रोज ये-जा करणार का, हे अर्थशास्त्र. गावठाणात कुठली गल्ली उंचावर आणि कुठली नदीकडं, आणि कोण कुठं राहतं आणि ते कुणी ठरवलं, हा इतिहास आणि समाजशास्त्र, जरा टोचणारा भाग आहे पण सोडू नको. आणि नृसिंहवाडीला दक्षिणद्वार होतं तेव्हा नदीचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारातनं बाहेर पडतं, लोक लांबनं अंघोळीला येतात, हात जोडतात, आणि तेच पाणी चार दिवसांनी आजीच्या स्वयंपाकघरात येतं. नदीला आई पण म्हणायचं आणि तिच्या भीतीनं शाळेत पण झोपायचं, हे डोक्यात एकत्र कसं राहतं? तुला मानसशास्त्र भारी वाटतं ना, घे.

आता हे डिग्रीत कसं बसवायचं, इथं जरा किचकट आहे पण नीट वाच.

नवीन शैक्षणिक धोरण २०२० ला आलं आणि आता शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजांत डिग्री त्याच पद्धतीनं चालते. तीन वर्षांत पण पदवी मिळते, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांचं शिकवणं, प्रॅक्टिकल असेल तर ३०. एक मेजर, एक मायनर, आणि त्याशिवाय ओपन इलेक्टिव्ह, हा ओपन इलेक्टिव्ह आपल्या मेजरच्या फॅकल्टीबाहेरचाच घ्यावा लागतो.

माझा सल्ला, मेजर भूगोल घे. सायन्सवरनं बीएला जाता येतं, त्यात कमीपणा काही नाही, आणि भूगोलात प्रॅक्टिकल असतं, हातानं काहीतरी करता येतं, नुसत्या नोट्स नसतात. मेजर एकच असावा आणि त्यात खोल जावं, इथं मी जरा जुन्या वळणाची आहे, मला 'सगळ्याचं थोडं थोडं' पटत नाही, ज्याला एक तरी गोष्ट धड येते त्यालाच दुसऱ्याकडनं काय घ्यायचं ते कळतं. मायनर अर्थशास्त्र. इतिहास का नाही म्हणशील, तर इतिहास तू आवडीनं वाचतेसच, त्याला परीक्षेचा धाक लागत नाही, अर्थशास्त्र मात्र धाकाशिवाय कोणी वाचत नाही, स्वानुभव आहे. ओपन इलेक्टिव्हला कला शाखेबाहेर जायचंच आहे तर संख्याशास्त्र मिळालं तर डोळे झाकून घे, नाहीतर कॉमर्सकडचं विमा, बँकिंग असलं काहीतरी, पुराच्या भरपाईत ते पण येतंच. आणि चित्रकला डिग्रीत घालूच नकोस. ती हातात असू दे, गावाचा उभा छेद, आजीच्या घराच्या पायऱ्या, कुठल्या वर्षी पाणी कुठंवर आलं, हे तू काढून दाखवलंस तर दहा पानांच्या तक्त्यापेक्षा जास्त बोलेल.

खरा माल मात्र मेजर-मायनरमधे नाहीच. या नव्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट आणि ऑन जॉब ट्रेनिंग असे प्रकार आहेत, क्रेडिटसकट. बहुतेक पोरं काय करतात, मागच्या वर्षीची फाईल झेरॉक्स करतात, वर स्वतःचं नाव, सर सही करतात, झालं. मी पण अशा सह्या केल्यात, खोटं कशाला बोलू, साठ फाईली एका दुपारी. पण नीट बघितलंस तर अख्ख्या डिग्रीत ह्याच जागा मोकळ्या आहेत, इथं काय करायचं ते तू ठरवू शकतेस, तुझ्या आतेबहिणीला पैसे मोजून जे मिळतंय ते इथं फुकट पडलंय आणि कोणी उचलत नाही. तिन्ही एकाच गावात कर, तुझ्याच. फील्ड प्रोजेक्टला पूररेषा आणि घरांचा नकाशा, क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. कम्युनिटी एंगेजमेंटला गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. ऑन जॉब ट्रेनिंगला कलेक्टर ऑफिसातला आपत्ती व्यवस्थापन कक्ष नाहीतर पाटबंधारे खातं, तिथं कॉलेजचं पत्र घेऊन दोन महिने आधी चकरा मारायला लागतील, पहिल्या चकरेत साहेब भेटत नसतात हे गृहीत धर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका हे कोल्हापुरात शेंबडं पोर पण सांगतं, पण हे आकडे कोण मोजतं, कसं मोजतं, तिथनं तुमच्या गावात निरोप कसा पोचतो, हे तिथं बसल्याशिवाय कळायचं नाही.

कॉलेजात जे मिळत नाही ते स्वयम पोर्टलवर बघ, केंद्र सरकारचे ऑनलाईन कोर्स असतात तिथं. यूजीसीच्या नियमाप्रमाणं ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथनं आणता येतात, कोर्स फुकट, परीक्षेची फी वेगळी आणि परीक्षा सेंटरवर जाऊनच द्यायची. पण आधी कॉलेजकडनं लेखी घे की हा कोर्स धरणार, 'बघू की, होईल' यावर जाऊ नको, कोर्स पुरा झाल्यावर 'आमच्याकडं बसत नाही' म्हणून सांगितलेलं मी बघितलंय, पोरगी रडत माझ्याकडं आली होती. क्रेडिट सगळे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधे जमा होतात, त्याला १२ आकडी अपार आयडी लागतो, आणि तिथं ते सात वर्षं राहतात, मधेच थांबायची वेळ आली, देव करो न येवो, तरी केलेलं वाया जात नाही.

प्रवेशाच्या वेळी एक चलाखी कर. माहितीपत्रकात ओपन इलेक्टिव्हची यादी लांबलचक असते, त्यातलं चालतं किती ते शिकवायला माणूस आहे का यावर असतं. म्हणून यादी बघू नको, या वर्षीचं टाईमटेबल माग. टाईमटेबल खोटं बोलत नाही. आणि ऑफिसात क्लार्कशी हुज्जत घालण्यापेक्षा सरळ भूगोल डिपार्टमेंटला जा, दीड पान लिहून ने, माझा प्रश्न हा, त्यासाठी मी हे हे शिकणार, आणि तुम्ही तीन वर्षं माझं काम बघाल का. पाच जणांना विचारलंस तर एक हो म्हणेल. आम्हा मास्तर लोकांना असं कोणी विचारतच नाही गं, सगळे इंटर्नलचे मार्क विचारायला येतात.

पुस्तकांचं म्हणशील तर करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासनं उभं आहे, तिथं मेंबर हो. विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालय आहे. आणि जुने कागद बघायचे तर कोल्हापुरात पुरालेखागार आहे, मोडी शिकून घेतलीस तर तिथं तुझ्या वयाची पोरं फारशी दिसणार नाहीत, आरामात बसता येईल. वीस पुस्तकांची यादी कर, एकदम नको, तीन वर्षांत, आणि प्रत्येकापुढं एक ओळ की हे कशाला वाचलं. आपलं गॅलटिन हेच, भवानी मंडपाजवळ.

कोणीतरी तुला नक्की बाबुराव पेंटरांचं उदाहरण देईल, पडदे रंगवणारा माणूस, इथंच बसून सिनेमाचा कॅमेरा बनवला, कुठली डिग्री होती? खरं आहे. पण त्यांच्याभोवती दामले, फत्तेलाल, शांताराम अशी माणसं होती, पुढं त्यातल्याच काहींनी १९२९ ला कोल्हापुरातच प्रभात काढली. एकट्यानं खोलीत बसून कोणी काही डिझाईन केलेलं मला तरी माहीत नाही. तेव्हा वर्गात अजून दोघं-तिघं शोध, एखादा सिव्हिल डिप्लोमावाला मित्र असला तर सोन्याहून पिवळं.

आता बाबा. त्यांना लिबरल आर्ट्स, मल्टिडिसिप्लिनरी असलं काही सांगत बसू नको. त्यांची भीती अशी आहे की पोरगीच्या सर्टिफिकेटवर कायतरी भलतंच नाव येईल आणि उद्या कोणी उभं करणार नाही. आणि ती भीती रास्त आहे, अनोळखी नावाच्या डिग्र्यांनी पोरांची अडवणूक झालेली आहे. त्यांना सांग की कागदावर साधं बीए भूगोलच छापून येणार. त्या कागदावर एमपीएससीची राज्यसेवा, यूपीएससी देता येते, तिथं कुठलीही मान्यताप्राप्त पदवी चालते. बीएड करता येतं, एमए करता येतं. पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्क्यांच्या वर राहिलीस तर चौथ्या वर्षी रिसर्च ऑनर्स, कॉलेजात सोय असेल तर, आणि त्या चार वर्षांच्या डिग्रीतही ७५ टक्के टिकवलेस तर एमए न करता पण नेट (प्राध्यापकीसाठीची परीक्षा) आणि पीएचडीचं दार उघडतं. आणि नकाशाचं सॉफ्टवेअर हातात बसलेलं असलं की सर्व्हे, नगररचना, पाणी या कामांत उपयोगी पडतं. अनुदानित कॉलेजची फी सांग, घरनं बसचा पास सांग. पावसाळ्यात तू आजीजवळ असणार हे पण सांग, ते ऐकून तर बाबा निम्मे ढिले पडतील. आणि पॅटर्न शॉपमधे एकदा घेऊन चला म्हणून सांग त्यांना. लाकडाचा पॅटर्न करताना मेटल थंड झाल्यावर किती आकसणार ते आधीच धरून माप थोडं मोठं घेतात, ते त्यांच्याकडनं ऐक. तुझ्या दीड पानाला पण ते लागू आहे, जेवढं ठरवशील त्यातलं तीन वर्षांत थोडं आकसणारच, मोठं माप घेऊन ठेव.

काकीला काही सांगू नको. शेंगा विकणाऱ्याचा धंदा काकीला वाटतो तेवढा वाईट नाही, रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन बघ म्हणावं.

आणि हो, कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ आहे, तोवर एक काम कर. आजीजवळ बस आणि विचार की २००५ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, २०१९ ला भिंतीवर कुठंवर, २०२१ ला कुठं. टेप घेऊन मोज, खडूनं खूण कर, फोटो नको काढू, चित्र काढ. घर का सोडत नाहीस हे मात्र लगेच विचारू नको, ती चिडेल. ते तिसऱ्या वर्षी विचार, तोवर कसं विचारायचं ते तुला कळलेलं असेल. चित्र मला पाठव, साध्या पाकिटात दुमडून चालेल.